फायर वॉच

वेल्डिंग थांबल्यावर अर्धा तास तिथंच उभं राहायचं,
लाल बाटली हातात धरून,
ठिणगी कुठे दडून बसली नाही ना, ते बघत.
हे माझं काम. हिद्दच्या गोदीत नऊ वर्षं.
वेल्डर बदलत गेले.
रुजाय डिसोझा सात वर्षं टिकला.

तो वेंगुर्ल्याचा. मी परांड्याचा.
पहिले सहा महिने त्याचं मराठी मला कळायचं नाही,
माझ्यावर तो हसायचा.
टाकीत उतरण्याआधी परमिटवर सही लागते,
वर ठळक छापलेलं असतं : हॉट वर्क.
रॅपर म्हणून तेच नाव त्यानं लावून घेतलं.
"फुकट गावला," म्हणाला.

रॅप म्हणजे चिडलेल्या पोरांची घाई, असं मला वाटायचं.
हा घाई करायचा नाही.
रिकाम्या बॅलास्ट टाकीत एक शब्द सोडायचा
आणि तो पोलादावर आपटून परत येईपर्यंत थांबायचा,
पोहरा भरेस्तोवर थांबतात तसा.
चिपिंग हातोड्याचे दोन ठोके.
मग पुढचा शब्द.
"अठ्ठेचाळीस डिग्रीत धावतलो कोण?"

मी हयचो नाय, मी थयचो नाय,
मधल्या खाऱ्या पाण्याचो.

हे त्यानं खडूनं लिहिलं, टाकी क्रमांक चार, डावी बाजू.
संध्याकाळी रंगाऱ्यांनी वर दोन हात मारले.
ते जहाज आता कुठल्या बंदरात असेल कोण जाणे,
पोटात ती ओळ घेऊन.
अशी एकोणीस जहाजं. मी मोजलीत.
त्यानं नाही.

मुहर्रकचा यूसुफ गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा.
गॅरेजच्या मागे त्याच्याकडे माइक होता,
भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या.
मालवणीचं एक अक्षर कळत नव्हतं त्याला.
रेकॉर्डिंग त्यानं आणखी संथ केलं, इतकं,
की रुजायचा श्वास आत जाताना ऐकू यायला लागला.
म्हणाला, माझा आजा समुद्रात बुडी मारून
तळाच्या झऱ्याचं गोडं पाणी पखालीत भरून आणायचा.
वर खारट, खाली गोड. हा तसं बोलतो.
(तुटक्या हिंदीत म्हणाला होता. मला समजलं तसं लिहितोय.)

स्टेजवर तो एकदाच उभा राहिला.
मंडळाचा कार्यक्रम, नाट्यगीत आणि लकी ड्रॉच्या मधली चार मिनिटं.
तिसऱ्या मिनिटाला तो पाण्याच्या टँकरवर आला,
ठेकेदाराच्या नावासकट,
आणि माइक बंद पडला.
बंद पडला, असंच अजून सांगतात.
तो बोलत राहिला. पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.
ठेकेदार पहिल्या रांगेत होते.

ऑगस्टात एका पहाटे तो उठला नाही.
चौतीस वर्षांचा. कागदावर लिहिलं : नैसर्गिक.
खोलीत आम्ही आठ जण, एसी तीन दिवस बंद.
तेही नैसर्गिकच असणार.
कार्गोच्या पावतीवर वजन लिहितात.
पेटीसकट एकशे बारा किलो.
सही मी केली.

त्याच्या आईनं फोनवर विचारलं,
"इतक्या रागान काय सांगायचो रे तो?"
राग नव्हता, मी म्हणालो.
मग आठवलं, होता.
मग तिला ते माशांच्या नावांचं ऐकवलं,
सौंदाळे, पेडवे, मोरी, एकामागून एक जाळ्यातून काढल्यासारखे.
ती गप्प ऐकत होती.
मधेच तिनं एक नाव दुरुस्त केलं.

गेल्या शुक्रवारी बसस्टॉपवर एक नवा पोरगा, सिवानचा,
मान हलवत पुटपुटत होता,
हयचो नाय, थयचो नाय.
अर्थ विचारला.
पता नहीं, म्हणाला,
पानी की लाइन में सब बोलते हैं.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला.
वरच्या झाकणातून फोरमन टॉर्च मारतो, चल.
पोलादाला हात लावून बघतो मी.
बाटली दुसऱ्या हातात घेतो.